गव्हाणीचं झाकण

"गव्हाणीला झाकण कशाला हो, मामा?"

'काय करताय?' याला 'गव्हाण' एवढंच उत्तर मिळालं म्हणून मी हे विचारलं, तेव्हा माझे सासरे रंधा थांबवून फळीवरचा भुसा फुंकत होते. फुंकर तोंडातच राहिली. मान वर न करता ते म्हणाले, "जुन्या गव्हाणीला वाळवी लागली. नाताळ तीन दिवसांवर आलाय. नवी करतोय."

"ते कळलं. पण झाकण कशाला?"

ते पुन्हा रंधा मारायला लागले.

चौऱ्याण्णव सालचा डिसेंबर, बावीस तारीख, दुपारची वेळ. मी वीस दिवसांची बाळंतीण होते आणि माझी मुलगी माझ्याजवळ नव्हती. ती नगरला एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. सातव्या महिन्यातच झालेली, सव्वा किलोची. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर 'सुवार्ता वैरागर यांची मुलगी' एवढंच लिहिलेलं. डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "आजचा दिवस बघू." असे वीस दिवस आम्ही एकेक करून बघितले होते.

नर्सनं मऊ, धुऊन धुऊन विरलेलं कापड आणायला सांगितलं होतं. म्हणून मी माझ्या नवऱ्याबरोबर, आमोसबरोबर, तासाभरासाठी पिंपळदऱ्याला घरी आले. मामांची जुनी धोतरं त्यांच्या ट्रंकेत असायची. किल्ली मागायला मागच्या पडवीत गेले. तिथंच त्यांचं सुतारकाम चालायचं.

माझ्या सासऱ्यांचं नाव शांतवन वैरागर. पिंपळदऱ्यातली आणि आजूबाजूच्या पाच गावांतली ख्रिस्ती माणसं त्यांनी केलेल्या पेटीतूनच मातीत जायची. दारं, खिडक्या, पाळणे, सगळं ते करायचे, पण मयताची पेटी म्हणजे त्यांची सेवा. निरोप आला की जायचे, गेलेल्या माणसाच्या उशाशी क्षणभर उभे राहायचे आणि हातानं वीत टाकून माप घ्यायचे. पट्टी नाही, टेप नाही. पेटी झाली की झाकणावर पांढऱ्या रंगानं तीन ओळी काढायचे. नाव, जन्माची तारीख, आणि 'प्रभूमध्ये झोपी गेले' म्हणून पुढं दुसरी तारीख. "चाळीस वर्षांत माझं माप कधी चुकलं नाही," असं ते म्हणायचे. त्यात फुशारकी नसायची, पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगायचे.

आता ठोकळ्यावर जी पेटी होती ती इवलीशी होती. चांगल्या सागवानाची. ते सागवान मी ओळखलं. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच मामांनी ते पाळण्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं. पेटीच्या एका कोपऱ्यात लाकडाची काळी गाठ होती, रुपयाएवढी. झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं.

आणि मग मला दवाखान्यातली गोष्ट आठवली. आठ दिवसांपूर्वी मामा मुलीला बघायला आले होते. काचेसमोर उभे राहिले, उजवा हात पसरला आणि काचेवरून सरकवला. एक वीत. मग आणखी पाऊण वीत. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी आमोसला म्हटलंसुद्धा, "बघा, मामा कसे प्रार्थना करतायत तिच्यासाठी."

मी ठोकळ्याचा आधार घेतला.

"तुम्ही माप घेतलंत तिचं."

मामांनी रंधा खाली ठेवला. "सुवार्ते, ऐक जरा..."

"काय ऐकू? माझं लेकरू जिवंत आहे तिकडं. काचेत का होईना, श्वास घेतंय. आणि तुम्ही इथं बसून तिच्यासाठी..."

माझी जीभ तिखट आहे, हे माझ्या माहेरी पोराटोरांना ठाऊक आहे. सासरी येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते, म्हणून तिला लगाम घातला होता इतकंच. त्या दुपारी लगाम सुटला. तोंडाला येईल ते बोलले. तुमचा देवावर भरवसा नाही, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसता ते कशाला, असलं बरंच काही. आमोस आतून धावत आला आणि दारातच थिजला.

शेवटी मी म्हणाले, "या हातांनी माझ्या लेकीचं माप घेतलंत ना, मग या हातांनी तिला शिवायचं नाही. आज नाही आणि पुढंही कधी नाही. बघा, ती जगणार आहे. पण तुमच्या हातात मी तिला देणार नाही."

मामांनी आपले दोन्ही हात बघितले. धोतराला पुसले. मग कमरेची किल्ली सोडून ठोकळ्यावर ठेवली.

"वरच्या घडीतलं धोतर घे," ते म्हणाले. "ते जास्त मऊ आहे."

या वाक्यानं तर मी आणखीच पेटले. कापड घेतलं आणि मागं वळून न बघता निघाले.

पिंपळदऱ्याच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, नाताळची एक पद्धत आहे. सकाळच्या उपासनेत पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवत नाहीत. मंडळीत त्या वर्षी सगळ्यांत शेवटी जन्मलेलं लेकरू आणून पेंढ्यावर निजवतात. एक गीत होईपर्यंत ते तिथं असतं, मग आई उचलून घेते. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, आमच्याकडं मातीच्या मूर्ती मांडायचे. म्हणून लग्नानंतर ही पद्धत ऐकली तेव्हा मला फार आवडली होती. दिवस राहिल्यावर मनात हिशेब केला तेव्हा जरा हिरमुसलेही होते, कारण माझी तारीख फेब्रुवारीची होती. आणि झालं असं की त्या वर्षी मंडळीत शेवटचं लेकरू माझंच जन्मलं, आणि ते नेता येत नव्हतं.

नाताळच्या दिवशी आमोस सकाळची उपासना करून दुपारी दवाखान्यात आला. करंज्यांचा डबा आणला होता. मी बाकावर बसून होते. काचेपलीकडं मामांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली मुलगी होती. तिचं तोंड तेवढं दिसत होतं, लिंबाएवढं.

"बाबांनी ती पेटी गव्हाण म्हणून मांडली," आमोस म्हणाला. "पेंढा घालून."

"झाकणासकट?"

"नाही. झाकण नव्हतं."

"सोंग सगळं," मी म्हटलं. "मी बघितलं म्हणून गव्हाण झाली ती."

आमोसनं डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "पाळकसाहेब म्हणत होते, यंदा लेकरू नाही तर निदान बाहुली तरी ठेवू. बाबांनी ठेवू दिली नाही. म्हणाले, नको, ती रिकामी नाही."

"म्हणजे?"

"मला नाही कळलं. रिकामीच होती की. नुसता पेंढा. सगळे त्या पेंढ्याकडं बघून गीत गायले. राहेल आजी तर रडायलाच लागल्या." राहेल आजी म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. "आणि बाबा गुडघे टेकून बसले होते. गीत संपलं, प्रार्थना संपली, लोक बाहेर जाऊन केकसुद्धा खायला लागले, तरी उठले नाहीत."

मी करंजी खाल्ली. मला मामांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वाक्य बदललं. "घरी न्या आता," म्हणाल्या. मी ऐकलं आणि खालीच बसले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी खरं सांगते, ही मुलगी घरी जाईल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही काही वेगळं केलं नाही. ती राहिली."

घरी आलो. मामा दारात उभे होते. मी मुलीला पदराखाली घेऊन त्यांच्यासमोरून आत गेले. त्यांनी हात पुढं केला नाही. मान वाकवून फक्त बघितलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझा शब्द अक्षरशः पाळणार आहे. एकाच घरात राहून त्यांनी मुलीला बोट लावलं नाही. मी अंघोळीला गेले आणि ती रडली, तर शेजारच्या बाईला हाक मारून आणायचे, पण स्वतः उचलायचे नाहीत. पाळणा मधल्या खोलीत होता. पडवीत बसून काम करता करता त्यांना तो दिसायचा. एके दिवशी बघते तर पाळण्याची दोरी कुणी तरी वाढवलेली. चांगली दहा-बारा हात लांब. दुसरं टोक पडवीच्या खांबाला. मामा एका हातानं पॉलिश करत होते आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढत होते. शिवायचं नाही असं मी म्हटलं होतं, दोरीबद्दल काही बोलले नव्हते.

मी बघून न बघितल्यासारखं केलं.

आमोस म्हणायचा, "किती दिवस धरून बसणार आहेस?"

"मी काय धरलंय? त्यांनी माप धरलं होतं."

"अगं, म्हातारा माणूस आहे."

"मग म्हाताऱ्या माणसानं विचार करायचा असतो," मी म्हणायचे. आतून मात्र मला ते दिवसेंदिवस जड जात होतं. ती दोरी हलताना दिसली की मी तिकडं पाठ करायचे. पण ती इवली पेटी डोळ्यांसमोर आली की मन पुन्हा घट्ट व्हायचं. तिचं काय झालं, कुठं आहे, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

एप्रिलमध्ये ईस्टर आला. मुलीचा बाप्तिस्मा त्याच दिवशी करायचं ठरलं. आदल्या आठवड्यात राहेल आजी काठी टेकत घरी आल्या.

"पोरी, ईस्टरला पहाटं तुला यायचंय," त्या म्हणाल्या. "कबरंवर जायला."

"कुठल्या कबरेवर?"

"आगं, तुला म्हाईत न्हाई का? उत्तम शुक्रवारी आपन चर्चात येशूची कबर मांडतो. शनिवारभर ती झाकून असती. ईस्टरला पहाटं आधी तीन बाया आत जात्यात, बापय समदे भाईर. एक म्हातारी, ती मी. एक पाळकीनबाई. आन् तिसरी, वर्साची नवी आई. यंदा ती तू."

शुक्रवारची तीन तासांची उपासना मला जमली नाही, मुलीला जरा कसर होती. त्यामुळं कबर कशी मांडलीय ते मी बघितलं नव्हतं.

रविवारी पहाटे पाचला आम्ही चर्चच्या दारात उभे होतो. उजाडायचं होतं. सगळी मंडळी कडुनिंबाखाली गप्प उभी होती. मुलीला आमोसकडं दिलं. मामा सगळ्यांच्या मागं, भिंतीला लागून उभे होते. राहेल आजींच्या हातात कंदील, पाळकीणबाईंच्या हातात अत्तराची बाटली. मी मोकळ्या हातानं. आम्ही तिघी आत गेलो.

आत काळोख होता. वेदीवर फुलं नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या. वेदीपुढं बाकावर काहीतरी ठेवलेलं, त्यावर काळं कापड. आजींनी कंदील खाली ठेवला आणि कापड ओढून काढलं.

ती पेटी होती. माझ्या लेकीची. कोपऱ्यात रुपयाएवढी काळी गाठ. आणि तिच्यावर झाकण लावलेलं.

मी दोन पावलं मागं सरले. "ही इथं कशी?"

"धर झाकन," आजी म्हणाल्या. "नव्या आईनंच उचलायचं असतं."

पेटी रिकामी असणार हे डोक्याला कळत होतं, माझी मुलगी बाहेर बापाच्या खांद्यावर आहे हेही कळत होतं. तरी त्या झाकणाला हात घालताना मला डिसेंबरातले ते सगळे दिवस एकदम आठवले, आणि वाटलं, उचललं तर ती आत असेल. मी डोळे मिटले आणि उचललं.

आजींनी आत हात घातला. पद्धतच तशी, चारी कोपरे चाचपायचे. त्यांचा सुरकुतलेला हात लाकडावरून फिरल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी एक घडी केलेलं पांढरं कापड वर काढलं. मामांच्या धोतराचा तुकडा होता तो. तसल्याच तुकड्यांत मी माझ्या मुलीला दोन महिने गुंडाळत होते.

"रिकामी हाय," आजी दाराकडं तोंड करून म्हणाल्या. म्हातारीचा आवाज एरवी शेजारच्याला ऐकू जात नसे, तो बाहेरपर्यंत गेला. बाहेर पाळकसाहेबांनी तेच शब्द म्हटले आणि येशू उठल्याची घंटा वाजायला लागली.

मी आजींचा दंड धरला. "आजी, ही तर गव्हाण आहे. नाताळची."

"मग काय गं बाई, तीच की. नाताळात गव्हान, ईस्टरला कबर. आपल्यात पहिल्यापासनं एकच पेटी असती. म्हनून तर तिला झाकन असतं."

मी तशीच उभी राहिले. गव्हाणीला झाकण कशाला, हे मी चार महिन्यांपूर्वी विचारलं होतं, आणि उत्तर गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. मी नवी होते, परगावची होते. एका निरपराध म्हाताऱ्याला मी चार महिने घरात वाळीत टाकलं होतं.

"चल, झाकन भाईर न्यायचं," आजी म्हणाल्या. "दाराशी टेकवून ठेवायचं. कबरंचा धोंडा बाजूला झालाय, हे येनाऱ्यांनी बघितलं पायजे."

आम्ही झाकण नेऊन दाराबाहेर भिंतीला टेकवलं. लोक त्याच्याकडं बघत, कुणी त्याला हात लावत, आत जायला लागले. आत मेणबत्त्या पेटल्या, पेटी सुरू झाली, गाण्याची. मामा सगळ्यांत शेवटी आले. मी त्यांच्या आडवी उभी राहिले. पूर्वेकडं थोडं फटफटलं होतं, त्यांचा चेहरा दिसत होता.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटलं. "इथं गव्हाणीला झाकण असतं हे मला माहीत नव्हतं. आत्ता आजींनी सांगितलं. मी तुम्हाला काय काय बोलले, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सांगायचं तरी होतं."

दुसरा कुणी असता तर 'असू दे पोरी' म्हणून आत गेला असता. सगळं आयतं सुटलं होतं, माझी चूक मीच कबूल केली होती. मामा गेले नाहीत.

"तुझं चुकलं नव्हतं," ते म्हणाले.

"पण आजी म्हणाल्या..."

"राहेल खरं सांगते. झाकण असतं. पण गव्हाण दीड हाताची असते, सुवार्ते. कुठलंही लेकरू तिच्यात मावलं पाहिजे. ही केवढी आहे, बघितलीस?"

त्यांनी वाकून झाकण उचललं आणि फिरवून, आतली बाजू बाहेर करून ठेवलं.

पांढऱ्या रंगाच्या तीन ओळी होत्या. पहिली ओळ कोरी, कारण तेव्हा नाव नव्हतं. दुसरीत, 'जन्म : २ डिसेंबर १९९४'. तिसरीत, 'प्रभूमध्ये झोपी गेली', आणि पुढं नुसती जागा.

"डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं," मामा म्हणाले. "बाबा, तयारीत राहा, म्हणाल्या. मला तयारी म्हटली की एकच ठाऊक. दुसऱ्या कुणी तिच्यासाठी लाकूड कापावं, हे मला सहन झालं नसतं. पाळण्याचं सागवान होतं, तेच घेतलं. अक्षरंसुद्धा आधीच काढून ठेवली, तेव्हा हात चालेल का नाही म्हणून. तू विचारलंस, गव्हाणीला झाकण कशाला. इथली पद्धत आहे, एवढं म्हटलं असतं तर तू गप्प बसली असतीस. पण 'नवी करतोय' हे एक खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्याला माझी जीभ वळली नाही. आमोसलाही बोलू नको म्हटलं. तेव्हा ती गव्हाण नव्हतीच."

"मग झाली कशी?"

"तू गेलीस, आणि मी त्या पेटीसमोर बसून राहिलो. मोडावी म्हटलं तर मोडवेना. ठेवावी म्हटलं तर बघवेना. शेवटी तिच्यात पेंढा भरला आणि चर्चमध्ये नेऊन ठेवली. त्याला म्हटलं, ही माझ्या नातीची पेटी आहे. तिच्या आधी तू नीज हिच्यात."

"कुणाला म्हणालात?"

"ज्याचा वाढदिवस होता त्याला. आणखी कुणाला म्हणणार?"

आतून गाण्याचा आवाज येत होता. मला त्यातला शब्द कळत नव्हता.

"म्हणून तुम्ही बाहुली ठेवू दिली नाहीत."

"जागा भरलेली होती, बाई." मामांनी झाकणावरून हात फिरवला. "परवा शुक्रवारी झाकण मीच लावलं. ही अक्षरं रंधा मारून काढता आली असती. काढली नाहीत. आतल्या बाजूला ठेवली. म्हटलं, आत निजलाय त्यानं वाचावं, कुणाच्या वाट्याचं घेतलंय ते." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आज तू उघडलंस. तूच सांग, काय होतं आत?"

लहानपणापासून मी नाताळ केला होता, ईस्टर केला होता. गोठ्याची गोष्ट वेगळी आणि कबरेची वेगळी, मधे चार महिने. एक आनंदाची, एक रडून मग हसायची. त्या दारात उभं राहून मला पहिल्यांदा दिसलं की पेटी एकच आहे. आणि ती माझ्या पोरीच्या मापाची आहे. मला भीती वाटली, खरंच सांगते, देव इतका जवळून गेल्याची भीती.

"काही नव्हतं," मी म्हटलं. "रिकामी होती."

मी आत गेले. आमोस मागच्या बाकावर होता, मुलगी त्याच्या खांद्यावर डोळे टक्क उघडे ठेवून मेणबत्त्या बघत होती. मी तिला घेतलं आणि बाहेर आणून मामांच्या पुढं धरलं.

त्यांचे हात वर आले आणि मधेच थांबले. "तू नको म्हणाली होतीस."

"मीच म्हणाले होते. आता मीच म्हणतेय, घ्या."

त्यांनी घेतलं. ज्या माणसानं शेकडो माणसं मातीत पोचवली त्याला लेकरू कसं धरायचं ते सुचेना. मी त्यांचा डावा हात तिच्या मानेखाली सरकवला. मुलीनं त्यांच्या मिशीला मुठीत धरलं.

"चला," मी म्हटलं. "तिचा नाताळ राहिलाय."

आम्ही मधल्या वाटेनं पुढं निघालो. पाळकसाहेबांनी आम्हाला बघितलं आणि गीत मधेच थांबवलं. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मामा सरळ वेदीपर्यंत गेले. पेटी तिथं उघडी होती. मी आजींच्या हातातलं ते पांढरं कापड घेतलं, घडी मोडली आणि पेटीत अंथरलं.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. राहेल आजींनी काठी आपटली आणि आपल्या फाटक्या आवाजात नाताळचं गीत धरलं. ईस्टरची पहाट, एप्रिलचा उकाडा, आणि सगळी मंडळी गव्हाणीतल्या बाळाचं गाणं गायला लागली. पाळकसाहेबही. आमोस पुढं येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

मामांनी वाकून मुलीला पेटीत ठेवायला घेतलं. डोकं एका फळीला टेकलं. पाय दुसऱ्या फळीवरून बाहेर. त्यांनी तिला उचललं, जरा तिरकं धरून पुन्हा ठेवलं. आता गुडघे वर आले, आणि तिनं त्या सागवानावर अशी लाथ मारली की पेटी बाकावर सरकली. पुढच्या रांगेतल्या बायका गाता गाता हसल्या.

मामा तिच्याकडं बघत राहिले. मग सवयीनं त्यांचा उजवा हात पसरला गेला, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत. एक वीत. दोन वीत. आणि वर अर्ध्याहून जास्त. त्यांनी तो हात डोळ्यांसमोर धरला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

गाणं थांबलं होतं. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"मावत नाही," मामा पाळकसाहेबांना म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी मुलीला उचलून छातीशी धरलं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा, साहेब. माझं माप चुकलं."